डफडं कोणी वाजवायचं

धड्यातल्या कविता वाचता येण्याआधी मला ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ वाचता येत होतं. माझे वडील गोंदियात एका लहानशा छापखान्याचे मालक, जुळारी आणि शिपाई, तिन्ही एकटेच. ट्रेडल मशीनवर लग्नपत्रिका छापून पोट भरायचे आणि पत्रकं छापून समाधान मिळवायचे. विडी कामगारांची सभा, निवडणुकीतली आवाहनं, दारूबंदीचं निवेदन, असलं सगळं आमच्या घरातून ओलं बाहेर पडायचं. ते वाळत घातलेलं असताना मी दोरीखाली उभी राहून वाचायची. त्यामुळे चौदाव्या वर्षी मला जगातल्या प्रत्येक प्रश्नावर मत होतं, आणि ते मत साधारण अर्ध्या पानात, शेवटी उद्गारचिन्ह घालून, मावत असे.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. त्या सुमारास एक फिरती नाटक कंपनी गोंदियात येऊन मोडली आणि आपली वाद्यं आमच्या वाचनालयाच्या पडवीत टाकून गेली. तीन फिडल, एक क्लॅरिनेट, दोन पायपेट्या, तबल्याची जोडी, बासऱ्यांची एक पिशवी. वाचनालयाच्या मंडळींनी ठरवलं की याचा मुलांचा वाद्यवृंद करायचा. ‘वाद्यवृंद’ हा शब्द फळ्यावर लिहिला गेला खरा, पण गावात सगळे त्याला ‘पोट्ट्यांचा बँड’च म्हणत.

शिकवायला जे मास्तर मिळाले ते लोकोशेडमध्ये फिटर होते. तरुणपणी कामठीच्या पलटणीत बँड वाजवून आलेले. बोलणं निम्मं हिंदी, निम्मं आपलं. आम्हा बारा जणांना त्यांनी पहिले दोन महिने वाद्याला हात लावू दिला नाही. आधी गायचं. सा लावून उभं राहायचं आणि पायानं ताल मोजायचा. मग त्यांनी आणखी एक विचित्र नियम काढला: प्रत्येकानं आपल्या शेजाऱ्याचा भाग आधी पाठ करायचा, मग स्वतःचा.

“कायले, मास्तर?” कुणीतरी विचारलं.

“क्योंकि तू अपना तो सुनता ही है. शेजारचा कोन ऐकन?”

मला हा नियम फार आवडला. समतेचा नियम आहे असं मी तेव्हा वहीत लिहून ठेवलं. पाळला मात्र नाही, ते पुढे येईलच.

सराव भातगिरणीच्या गोदामात चाले. नवं धान येईपर्यंत ते रिकामं असायचं, आणि मालकानं तोवर वापरायला दिलं होतं. कोंड्याचा थर सगळीकडे. पेटीचा भाता उघडला की आतून कोंडा उडायचा, एखादी पट्टी अडकून बसायची आणि मध्येच गाय हंबरल्यासारखा एकच सूर सुरू राहायचा. मी पायपेटीवर होते. मला वाटे मी बरी वाजवते. मास्तरांना वाटे मी पेटीवर भाषण करते.

“बाई, सूर धर. लेक्चर नको.”

मुलं मला ‘परचेवाली’ म्हणायची, कारण मी येताना रोज छापखान्यातले चार कागद घेऊन यायची आणि मधल्या सुटीत वाचून दाखवायची. मला राग येत नसे. उलट मान वाटे.

आमच्यात गोंदियाला लागूनच असलेल्या मुर्री गावचा एक मुलगा होता, माझ्याहून वर्षभरानं मोठा. त्याचे वडील रेल्वेच्या गँगमध्ये होते, रूळ ठोकायचं काम. तीन फिडलांपैकी दोन वाटून झाली होती. तिसऱ्याच्या गजाला केसच उरले नव्हते, म्हणून ते कोपऱ्यात पडलं होतं. हा मुलगा एक दिवस ते उचलून घेऊन गेला. आठवड्यानं परत आला तर गजाला पांढरेशुभ्र केस. स्टेशनवरच्या टांग्यांत एकच पांढरा घोडा होता. हा पठ्ठ्या चार संध्याकाळी त्या टांगेवाल्याच्या घोड्याला खरारा करत बसला आणि शेवटी त्याच्याकडून शेपटीतली एक बट कापून घेतली. केस गजावर कसे ताणले, कशानं बांधले, ते त्यानं मास्तरांनाही सांगितलं नाही. मास्तरांनी गज उजेडात धरला, बोटानं टिचकी मारली आणि म्हणाले, “घोडा राजी था ना?”

“घोडा होता जी. टांगेवालाच चार दिवस नव्हता.”

त्या दिवसापासून तिसरं फिडल त्याचं झालं. घासून घासून त्यानं हनुवटीखाली डाग पाडून घेतला होता. उरलेले दोन फिडलवाले, त्यात एक डॉक्टरांचा मुलगा, चांगले वाजवायचे. पण याचा गज तारेवर आला की गोदामातली बडबड आपोआप थांबायची.

मास्तरांनी आमच्यासाठी एक चाल बांधली. दरेकशाकडच्या बाया धान रोवताना जे गातात त्या सुरांवर ती उभी होती. आधी सगळे मिळून, मग मधे एकटं फिडल, आणि शेवटी डफडं येऊन सगळ्यांना ओढून न्यायचं. दिवाळीनंतर सौंदडच्या मंडईत ती वाजवायची होती. मंडई म्हणजे आमच्याकडची जत्राच. धान कापायच्या दिवसांत गावोगाव भरते, बाजार लागतो, पाहुणे येतात, रात्री दंडारीचं लोकनाट्य होतं. तिथल्या शाळेच्या गुरुजींनी बोलावणं धाडलं होतं. एकट्या फिडलचा भाग मुर्रीच्या त्या मुलाला मिळाला.

मग प्रश्न आला डफड्याचा. मास्तरांनी बाजारातून एक आणलं होतं, मोठं, लाकडी कड्याचं. त्यांनी विचारलं, “हे कोन वाजवते?”

आणि आम्ही सगळ्यांनी, अकराच्या अकरा जणांनी, मुर्रीच्या मुलाकडे पाहिलं.

ते पाहणं मी विसरू शकत नाही. बोलायची गरजच नव्हती. कोणत्या वस्तीतली माणसं लग्नात डफडं वाजवतात, मांडवाच्या बाहेर बसतात, शेवटी जेवतात, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं आणि तरी सगळ्यांना येत होतं. त्यानं मान खाली घातली. मास्तर म्हणाले, “आता है क्या रे तुझको?” तो हळूच म्हणाला, “लहानपनी पाहिलं आहे.” झालं. डफडं त्याच्याकडे गेलं, आणि एकट्या फिडलचा भाग डॉक्टरांच्या मुलाकडे.

मला यात अन्याय दिसला नाही. मला यात क्रांती दिसली! मी त्या संध्याकाळी घरी जाऊन एका बैठकीत पत्रक लिहिलं. डफडं हे कष्टकऱ्यांचं वाद्य आहे. ते आजवर मांडवाबाहेर बसलं. आमचा वाद्यवृंद ते मंचावर, पहिल्या रांगेत आणणार आहे. आणि ते वाजवणार आहे मुर्रीचा आमचा बंधू, ज्याच्या रक्तात ते पिढ्यान्‌पिढ्या वाहत आलं आहे! वडिलांनी वाचलं, एक काना दुरुस्त केला आणि उरलेल्या पिवळ्या कागदावर छापून दिलं. मी ते स्टेशनवर वाटलं, बाजारात वाटलं, आणि मुद्दाम मुर्रीला जाऊन वाटलं. बंधूला विचारायचं मला सुचलं नाही; शेजाऱ्याचा भाग आधी, हा मास्तरांचा नियम मी मोडला तो इथेच. तो गप्प होता, त्याला मी विनय समजले.

पुढच्या सरावाला गोदामाच्या दारात एक उंच, काळा, खांद्यावर गमछा टाकलेला माणूस उभा राहिला. हातात पिवळा कागद. मुर्रीच्या मुलाचे वडील. ते आत आले नाहीत.

“हे कोनं लिवलं?”

मी अभिमानानं उठले. “मी, काका.”

“तू? पोट्टीनं लिवलं? बरं.” त्यांनी कागद उलगडला. वाचता येत होतं त्यांना. एकेक अक्षर लावत, पण चुकत नव्हते. “माह्या पोराच्या रक्तात काय हाय म्हनते तू?”

“डफडं. म्हणजे कला...”

“रक्तात! अन् फिडल कोनाच्या रक्तात रायते? डॉक्टरच्या?”

कुणीतरी मागे फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

“ऐक पोरी,” ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. “आमी डफडं सोडलं. साऱ्या वस्तीनं सोडलं. मेलेलं ढोर ओढनं सोडलं, लगनात वाजवनं सोडलं. सभेत हात वर करून शपथ घेतली. लोकायनं काम देनं बंद केलं, तरी नाही वाजवलं. माह्या बापाचं डफडं मी या हातानं फोडलं. अन् तू पुन्हा माह्या पोराच्या गळ्यात तेच अडकवून राहिली. वरून छापून वाटून राहिली!”

मुलाकडे वळून ते म्हणाले, “चाल घरी. बँड झाला तुहा.”

तो उठला. फिडल त्यानं पेटीत ठेवलं, झाकण लावलं, आणि पेटी मास्तरांच्या पायाशी आणून ठेवली. रडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त पेटीचं झाकण नीट बसलंय का ते पुन्हा एकदा दाबून पाहत होता.

मास्तर म्हणाले, “भाई, गलती मेरी है. डफडा निकाल देता हूँ. लडका फिडलच वाजवन.”

“काढता काऊन? वाजवा ना डफडं. चांगलं वाद्य हाय. पन आमचंच पोट्टं कायले? बाकीच्यायले हात नाही देल्ले का देवानं?”

आम्ही अकरा जण आपापल्या वाद्यांकडे पाहत बसलो. मी कित्येक पत्रकं वाचली होती. इतका सरळ प्रश्न त्यांतल्या एकानंही मला विचारला नव्हता. मी पेटीवरून उठले, डफडं उचललं आणि म्हणाले, “मी वाजवीन.”

“परचेवाली वाजवन म्हनते!” बासरीवाला ओरडला आणि हशा पिकला. मला त्या हशाचं बरंच वाटलं. मी तशीच दारापर्यंत गेले आणि दोन्ही हातांनी डफडं त्यांच्यापुढे धरलं. “काका, तुम्ही शिकवा.”

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. झटक्यानं, विस्तवापासून घ्यावेत तसे.

“हात लावनार नाही मी त्याले.”

पत्रकानंतरची ही माझी दुसरी चूक. पण ते गेले तेव्हा मुलाला बरोबर नेलं नाही. जाताना एवढंच म्हणाले, “फिडल वाजवन तं राहू द्या.”

घरची गोष्ट सांगायला मला अजून लाज वाटते, पण सांगते. समतेची शेकडो पत्रकं हातानं जुळवलेल्या माझ्या वडिलांनी माझ्या गळ्यातलं डफडं पाहिलं आणि म्हणाले, “घरी नको. छापखान्यात ठेव.”

“का?”

“शेजारी...”

“कोणत्या पत्रकात आहे हे?” मी विचारलं.

आई चुलीपाशी होती, तिथूनच म्हणाली, “ठेवू द्या ना. पेटीपेक्षा तं बरंच वाजवन.” डफडं घरात आलं. सराव मात्र मी छापखान्यातच करायची, कारण आवाज. आणि वाजवायच्या आधी कातडं शेकावं लागतं, नाहीतर ते ओल्या पोत्यासारखं बोलतं. शेकायला जाळ हवा. तिसऱ्या दिवशी वडिलांनी स्वतः बिघडलेल्या प्रुफांचा ढीग मागच्या अंगणात आणला, पेटवला आणि डफडं हातात घेऊन जाळावर फिरवू लागले. फार जवळ धरलं, मी ओरडले.

डफड्याला एका हातात जाड टिपरं आणि दुसऱ्या हातात बांबूची बारीक कामटी लागते. ज्या हातानं कडं पेलायचं त्याच हाताच्या बोटांनी कामटी नाचवायची. मास्तरांना पलटणीचा ढोल यायचा, हे येत नव्हतं. मुर्रीच्या मुलाला येत असावं, पण त्याला विचारायची माझी हिंमत नव्हती आणि मास्तरांनी मला डोळ्यांनीच मनाई केली होती. मी आपलं बडवत होते. अंगठ्याला फोड आले, फुटले, पुन्हा आले.

एक दिवस मुलाचे वडील ड्यूटीवरून येताना गोदामापाशी थांबले. आता ते आत येऊन बारदानाच्या ढिगावर बसले. आमची चाल सुरू झाली, शेवटी माझं डफडं आलं. त्यांनी डोळे मिटले. सहन होत नाही अशा माणसाचे डोळे मिटतात तसे.

“अंगठा,” ते म्हणाले.

मी थांबले.

“अंगठा वर कायले घेते? खाली दाब. कामटी बोटानं नाही हालत, मनगटानं हालते.”

मी दाबला. “असा?”

“नाही. पुन्हा.”

त्यांनी डफड्याला हात लावला नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. मांडीवर गमछा पसरून त्यावर बोटं आपटून दाखवायचे आणि तोंडानं बोल सांगायचे: धिन्-तडाक्, धिन्-तडाक्, मधे अर्धा श्वास, मग पुन्हा. माझं मनगट चुकलं तर पकडून वळवायचे नाहीत. “अं हं” म्हणायचे आणि मी पहिल्यापासून सुरू करायची. एकदा मी कंटाळून म्हणाले, “काका, एकदाच वाजवून दाखवा ना, कुणी पाहणार नाही.”

“मी पाहीन ना,” ते म्हणाले.

शपथेबद्दल याहून चांगलं वाक्य मी आजवर छापील कागदावर वाचलेलं नाही.

स्वतःच्या मुलाकडे ते शिकवताना पाहत नसत. तो पलीकडे, आता पुन्हा त्याच्याकडे आलेला, एकट्या फिडलचा भाग घोटत बसे. पण ते बोलत असतानाही त्यांचा पाय मात्र फिडलच्या लयीत हलायचा, हे मी पाहिलं आहे.

मंडईच्या दिवशी आम्ही सकाळच्या छोट्या गाडीनं सौंदडला निघालो. वाद्यं बाकाखाली, डफडं माझ्या मांडीवर. मुलाच्या वडिलांनी रजा काढली होती. बाजूला वाऱ्यावर पिवळं धान डुलत होतं आणि आमचे तबलजी कच्च्या पेरूंवर जगत होते. गुरुजींनी शाळेपुढे बैलगाडीच्या फळ्यांचा मंच केला होता. तिसऱ्या प्रहरी माणसं जमली: बाया पोरांना कडेवर घेऊन, म्हातारे पुढे, शेव-चिवड्याच्या पुड्या हातात.

मी डफडं गळ्यात घालून उभी राहिले तेव्हा पुढची एक बाई म्हणाली, “बाप्पा! पोट्टीच्या गळ्यात डफडं!” आणि सगळीकडे हसू फुटलं. मी भाषणाला तोंड उघडलं होतं. मास्तर मागून म्हणाले, “लेक्चर नको.”

तेवढ्यात पुढे बसलेल्या एका फेटेवाल्यानं मुलाच्या वडिलांना ओळखलं. “अरे, तू तं मुर्रीचा! आमच्या घरच्या लगनात वाजवून गेला होता ना? काय हात होता गा तुहा!” मग मंचाकडे पाहून, “हे पोरगं तुहंच ना? मंग डफडं याले द्या ना. पोट्टीले कायले शिन देता?”

माणूस वाईट नव्हता. कौतुकच करत होता. मुलाचे वडील खाली मातीकडे पाहत राहिले. सगळं गाव मुलाकडे बघत होतं, त्या दिवशी गोदामात आम्ही पाहिलं होतं तसंच.

त्यानं फिडल हनुवटीखाली घेतलं आणि सरळ त्या फेटेवाल्याच्या डोळ्यात पाहून म्हणाला, “मले नाही येत.”

“बापाचं पोराले येत नाही?”

“नाही जी. मले फिडल येते.”

मला वाटलं टाळ्या वाजवाव्यात, पण हातात टिपरं होतं. मास्तरांनी लगेच बोट वर केलं आणि आम्ही सुरू केलं. रोवणीचे ते सूर सौंदडच्या बायांनी दुसऱ्याच ओळीला ओळखले. त्या एकमेकींना कोपरं मारू लागल्या. मग सगळे थांबले आणि एकटं फिडल निघालं. तो घाबरला नव्हता. गज लांब, सावकाश, तारेला जरा जास्त टेकलेला. फेटेवाल्यानं चिवड्याची पुडी खाली ठेवली. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, “हे तं आपलंच गाणं होय वो. पन पोरगा रडवून राहिला.” तिला रडू आलं नव्हतं, ती छान हसत होती.

मग माझी पाळी. पहिला फेरा मी नीट वाजवला, अंगठा खाली, अर्धा श्वास जागच्या जागी. दुसऱ्या फेऱ्यात लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला आणि मला इतका आनंद झाला की मी धावत सुटले. पेटी, बासऱ्या, तबला सगळे माझ्यामागे धावले. चाल ठरल्यापेक्षा बरीच आधी संपली. मास्तरांनी कपाळावर हात मारला. गाव खूश झालं; त्यांना वाटलं हे असंच असतं.

गाडीची वाट पाहत आम्ही फलाटावर बसलो. मुलाचे वडील माझ्यापाशी येऊन म्हणाले, “दुसऱ्या फेऱ्यात पळाली तू.”

“हो काका.”

“पळू नको. पाय दुखते लोकायचे.” आणि हसले. मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहत होते.

मग त्यांनी मुलाच्या हातातून फिडलची पेटी घेतली, गमछ्यानं तिच्यावरची धूळ पुसली आणि मांडीवर आडवी धरून बसले. गाडीत चढतानाही कुणाला हात लावू दिला नाही. डब्यात समोर धान्याची पोती घेऊन एक व्यापारी बसला होता. त्यानं पेटीकडे बोट करून विचारलं, “काय हाय गा त्यात? बंदूक?”

“फिडल,” ते म्हणाले. “माह्या पोराचं.”